देशी डुक्कर पाळताय? नराच्या बाबतीत या चुका टाळा

सुरुवातीला वेताला आठ-नऊ पिल्लं व्हायची, आता चार-पाचच होतात आणि त्यातली पण दोन मरतात, ही तक्रार असली की माणूस आधी खाद्य बदलतो, मग टॉनिक आणतो, पण नर कुठला हाय ते कोण बघतच नाही.

खरी गोची तिथंच आहे. एकच नर वर्षानुवर्षं, त्याच्याच पोरी, परत तोच नर. दहा माद्यांना एक नर असला तर कळप अकराचा दिसतो, पण रक्ताच्या हिशोबानं तो साडेतीन-चार जनावरांएवढाच (चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज) आणि दर पिढीला जवळच्या नात्याचं रक्त १४ टक्क्यांच्या आसपास वाढतं. चार नर असले तर हेच ४ टक्क्यांवर येतं. आता चार नर पोसायचे कुणी, बरोबर आहे, म्हणून आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कागलवाल्यानं गडहिंग्लजवाल्याशी नर बदलून घ्यायचा, पैसे पण लागत नाहीत. मात्र आणलेलं जनावर महिनाभर लांब बांधा, आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग २०२० पासून देशात आहे आणि त्याला औषध नाही. हा रोग खरकट्यातून पण येतो, म्हणून हॉटेलचं खरकटं घालत असाल तर अर्धा तास चांगलं उकळूनच घाला, ह्यात आळस नको.

सगळं नरावर ढकलू नका पण. पिल्लं सुकलेली, काळी पडलेली जन्मली तर संसर्गाची शंका घ्या, डॉक्टरला बोलवा. एप्रिल-मेच्या उन्हानं नराचं वीर्य बिघडतं, त्याचा फटका पुढं महिना-दीड महिना बसतो. पण बेंबीजवळ किंवा जांघेत हर्निया, गुदद्वारच नाही, एकच अंड उतरलंय असली पिल्लं परत परत दिसायला लागली की तो नर काढाच. त्याचे पोरगे पण ठेवू नका, लहानपणीच खच्ची करा, नाहीतर देशी पोरगं चार-पाच महिन्यातच बहिणीला गाभण करतं.

दुसरी चूक, सगळ्यात तगडा पठ्ठ्या आधी विकायचा. गिऱ्हाईक तोच मागतं आणि मागं राहिलेला किडकिडीत पुढच्या पिढीचा बाप होतो!

यॉर्कशायर ह्या विलायती जातीचं क्रॉस (संकर) वजनाला भारी, मान्य, विकायला करा की. पण सगळ्याच माद्या क्रॉस केल्या तर पुढच्या क्रॉसला देशी मादी आणणार कुठनं? २०१२ ते २०१९ मध्ये देशातली डुकरं १२ टक्क्यांनी घटलीत. आणि काळं दिसलं म्हणजे देशी असं पण नसतं राव, क्रॉसचं पिल्लू पण काळं निघू शकतं. जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडं नोंदलेल्या डुकरांच्या देशी जातींत आपल्याला सगळ्यात जवळची गोव्याची अगोंडा गोवन, चंदगडवाल्यांना तर हाकेच्या अंतरावर.

आईबाप कोण ते वहीत लिहा, कानात बिल्ला मारा. वही जमत नसेल तर पिल्लाचा आईसोबत मोबाईलवर फोटो काढून खाली नराचं नाव टाका, तेवढं चालतंय.