नाशिकहून खांदेरीला शिडाच्या होडीने जाताय? तंबू कुठे लावायचा ते आधी वाचा

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला वल्हं मारून हात तयार झालेत, पोहता येतं, लाइफ जॅकेट नीट बांधता येतं, ग्रुपमध्ये पक्क्या गाठी मारणारं एकतरी कोणी आहे, हे सगळं धरून लिहितेय. दरवर्षी डिसेंबर आला की कॉलेज रोडवरच्या कुठल्यातरी ग्रुपचं खांदेरी-उंदेरीला, म्हणजे अलिबागजवळच्या दोन बेटांवरच्या किल्ल्यांना, जायचं ठरतं आणि मग मेसेज येतात, दीदी काय काय न्यायचं. न्यायच्या सामानाची यादी कुणीही देईल, मला दुसरंच सांगायचंय.

तुम्ही भरतीची वेळ बघता, पण भरतीची उंची बघता का?

आमचा कॅम्प बेटासमोरच्या थळ गावाच्या बाजूला किनाऱ्यावर होता, जागामालकाला विचारून. बेटावर मुक्काम नकोच, तो किल्ला आहे आणि रात्री काही झालं तर तिथून निघता येत नाही. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस होते, चांदणं मिळेल म्हणून मुद्दाम निवडलेले. दुपारची भरती कुठपर्यंत आली ते ओल्या वाळूवर स्पष्ट दिसत होतं, सोबतच्या सीनियरने त्याच्या बऱ्याच वर तंबू लावायला सांगितले, सगळ्यांना बरोबरच वाटलं. मध्यरात्रीनंतर पाणी तंबूत आलं. कोणाला इजा झाली नाही, पण दोन मुली झोपेतून उठून अंधारात ओल्या स्लीपिंग बॅगमधून पाय सोडवत होत्या ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता कारण नीट समजून घ्या. दिवसात दोन भरत्या येतात हे आपण शाळेत शिकतो, पण त्या दोन सारख्या नसतात हे कोणी सांगत नाही. चंद्र बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो, त्यामुळे एक भरती मोठी आणि एक लहान होते. आपल्या या किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारच्या सुमाराला येते, म्हणून जुलैत मुंबईच्या बातम्यांत दुपारच्या वेळा असतात. हिवाळ्यात बरोबर उलटं, मोठी भरती मध्यरात्री. डिसेंबर २०२५ च्या पौर्णिमेला मुंबईच्या तक्त्यात दुपारची भरती ४.१ मीटरच्या आसपास होती आणि रात्रीची ५ मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ मीटरभर फरक! आणि हा मीटर उभा आहे, उताराच्या किनाऱ्यावर आडवा मोजला तर पाणी पंधरा-वीस मीटर आत येतं. म्हणजे दुपारची ओली रेघ बघून तंबू लावणारा माणूस हिवाळ्यात लहान भरतीची रेघ बघत असतो आणि मोठी त्याच्या झोपेत येते.

मग बघायचं काय? किनाऱ्यावर कचऱ्याच्या दोन रेघा असतात. खालची ओली, ताज्या शेवाळाची. वरची सुकलेली, काटक्या, थर्माकोलचे तुकडे, एखादी चप्पल. ती वरची म्हणजे काल रात्रीची. तिच्याही वर जा, जिथे मर्यादवेल पसरलेली असते तिच्या मागे, सुरूच्या झाडांपाशी. चालणं जास्त पडतं, पडू द्या. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आधी पोचला असाल तर वरच्या रेघेवरही विसंबू नका, पुढच्या रात्री पाणी अजून वर चढतं.

वेळेसाठी कोळी लोकांचा हिशोब शिकून घ्या, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. दोन्ही पंधरवड्यांत हेच. हा अंदाज आहे, तक्ता जवळ ठेवाच. पहिली ट्रिप असेल तर माझं ऐका, अष्टमी-नवमी धरा. चांदणं कमी पण भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढही कमी.

होडीचं म्हणाल तर घाबरू नका, जमतं. फक्त धरणात पाणी जागेवर असतं आणि इथे तुमच्याखालचं पाणीच चालत असतं, म्हणून नाक बेटाकडे ठेवलं म्हणजे बेटावर पोचाल असं नाही, मागचं एक झाड आणि एक घर एका रेषेत धरून बघत राहा, सरकताय का ते कळतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, त्यावर निघा. मग दोन वाऱ्यांच्या मधे काही वेळ वारा पूर्ण पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा जोरात सुटतो, लाटा उठतात, नवख्यांनी तोपर्यंत परत किनाऱ्यावर असावं. वल्ही न्याच, शीड आहे म्हणून ठेवून जाऊ नका. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांची जहाजं आडवी आली होती. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी, आणि आपल्या लहान उथळ होड्या वल्ह्यांवर निसटून रसद पोचवत होत्या. तेच पाणी आहे ते. उंदेरीला चहूबाजूंनी खडक आहेत, पाणी उतरलेलं असताना तिकडे होडी घालूच नका, लांबून बघा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. व्हिडिओ बघून टॅकिंग, म्हणजे वाऱ्यासमोरून होडी वळवणं, शिकता येतं, पण बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, डोक्यावरून कधी फिरणार हे पाण्यातच कळतं. आणि धरणावर शिकलेला सीनियर कितीही चांगला असला तरी समुद्रासाठी तो मेंटॉर नाही. त्या रात्री आमची होडी राहिली ती सोबतच्या तांडेल काकांनी, म्हणजे होडीच्या मुख्य खलाशांनी, संध्याकाळी लांब दोर देऊन नांगरली म्हणून. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "पोरांनो, आज तिथी कुठली?" आणि आमच्यात एकालाही सांगता आली नव्हती.

पण म्हणून जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ, पाण्याची टंचाई असलेल्या गावातला मुलगा, सैन्यात गेल्यावर रोईंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला. नाशिककरांना समुद्र नाही म्हणून जमणार नाही हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

बाकी पटकन. इथल्या थंडीसारखं जाड पांघरूण नको, तिकडे दव पडतं आणि ते ओलं होऊन बसतं, त्यापेक्षा तंबूवर एक प्लास्टिक टाका. पिण्याचं पाणी सगळं सोबत. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, होडीत बसल्यावर नाही. तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, आणि किती जण कधी परत येणार हे किनाऱ्यावर एकाला सांगून जा. तांडेल काकांच्या पैशात घासाघीस करू नका, बजेट बसत नसेल तर एक दिवस कमी करा पण त्यांना सोडून जाऊ नका.