ड्रम्सच्या मिक्ससाठी ट्रान्झिएंट शेपर कसा निवडावा

स्नेअरवर स्टिक आदळली की पहिल्या पाच-दहा मिलिसेकंदांत हेडवरचा कडक 'टक्' येतो. त्याच्या पाठोपाठ शेलचा घुमारा, खालच्या तारांची सरसर आणि खोलीचा आवाज येतो. ठोका (ट्रान्झिएंट) आणि त्यामागचा घुमारा, हे दोन भाग ट्रान्झिएंट शेपर वेगवेगळे हाताळतो. अटॅकचा नॉब सुरुवातीचा ठोका वर-खाली करतो, सस्टेनचा नॉब मागचा घुमारा. ईक्यूने, म्हणजे फ्रिक्वेन्सी निवडून वर-खाली करणाऱ्या साधनाने, हे साधत नाही, कारण ठोका आणि घुमारा बऱ्याचदा एकाच फ्रिक्वेन्सीत बसलेले असतात. ईक्यूने घुमारा कापायला जावं, तर ठोक्याचं अंगही त्याच्याबरोबर जातं.

असे प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आज डझनावारी मिळतात आणि प्रत्येकाच्या पानावर तेच शब्द असतात: पंच, स्नॅप, बॉडी. त्यामुळे प्लगइनची यादी बाजूला ठेवा आणि तुमच्या ट्रॅकमध्ये नेमकं काय बिघडलंय तिथून सुरुवात करा. दोष कळला की निम्मी यादी आपोआप गळते.

पायरी १: दोष एका वाक्यात लिहा

'ड्रम्समध्ये दम नाही' हे वाक्य पुरेसं नाही. 'गिटार सुरू झाली की किकच्या बीटरचा आवाज हरवतो', 'टॉम दोन सेकंद वाजत राहतो', 'ओव्हरहेडमध्ये (किटच्या वरच्या माइकमध्ये) क्रॅश सिंबल कानाला टोचतो', 'रूम माइक कोरडे वाटतात' अशी वाक्यं लिहा. पहिल्या दोषावर अटॅक वाढवणं हा उपाय, दुसऱ्यावर सस्टेन कमी करणं, तिसऱ्यावर अटॅक कमी करणं, चौथ्यावर सस्टेन वाढवणं. हे चारही प्रकार साध्या दोन नॉबच्या शेपरने होतात. दोष मात्र 'किकच्या वरच्या भागाला धार हवी, पण खालचा गडगडाट आहे तसाच राहू दे' असा असेल, तर आवाज फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत विभागणारा मल्टिबँड शेपर लागेल. खर्चाचा निर्णय बहुतेक वेळा याच एका वाक्यावर ठरतो.

पायरी २: आतलं तंत्र एकदा समजून घ्या

एसपीएल या जर्मन कंपनीने १९९८ मध्ये ट्रान्झिएंट डिझायनर नावाचं हार्डवेअर आणलं. एका चॅनेलला दोनच नॉब होते. अटॅक १५ डीबीपर्यंत कमी-जास्त करता यायचा आणि सस्टेन २४ डीबीपर्यंत. आजचे बरेचसे प्लगइन त्याच वाटेने चालतात. आत आवाजाच्या पातळीवर लक्ष ठेवणारे दोन मापक असतात, एक चपळ आणि एक संथ. ठोका पडताच चपळ मापक लगेच वर जातो, संथ मागे राहतो. त्या दोघांमधला फरक म्हणजे ट्रान्झिएंट. प्लगइन त्या फरकाच्या प्रमाणात गेन बदलतो.

इथे थ्रेशोल्ड (ज्या पातळीनंतर साधन काम सुरू करतं ती) लागत नाही, ही मोठी सोय आहे. मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर हळू अटॅकवर, म्हणजे उशिरा दाबेल असा, ठेवला तर तोही ठोका उठावदार करतो, पण फक्त थ्रेशोल्ड ओलांडणारा. शेपर मात्र जोरदार बॅकबीट आणि हलकी घोस्ट नोट, दोघांनाही सारखीच धार देतो. अडचणही नेमकी इथूनच सुरू होते. स्नेअरच्या माइकमध्ये शिरलेली हाय-हॅट ही प्लगइनच्या लेखी एक घोस्ट नोटच असते, म्हणून स्नेअरचा अटॅक वाढवला की हॅटही टोकदार होते. सेन्सिटिव्हिटी, थ्रेशोल्ड किंवा डिटेक्टरसाठी फिल्टर यांपैकी काही प्लगइनमध्ये आहे का, हे लाइव्ह वाजवलेल्या किटसाठी म्हणूनच आधी तपासा. सॅम्पलवरून प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्समध्ये ब्लीड (एका माइकमध्ये शिरलेला दुसऱ्या वाद्याचा आवाज) जवळजवळ नसतंच, तिथे त्याची गरज पडत नाही.

पायरी ३: घरात काय आहे ते आधी बघा

मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर बऱ्याचदा शेपर येतोच. लॉजिकमध्ये एन्व्हलपर आहे. क्यूबेसमध्ये एन्व्हलपशेपर आणि त्याचं मल्टिबँड भावंड आहे. एफएल स्टुडिओत ट्रान्झिएंट प्रोसेसर आहे. एबलटन लाइव्हच्या ड्रम बस नावाच्या इफेक्टमध्ये ट्रान्झिएंट्सचा नॉब आहे, पण त्याची रीत वेगळी आहे हे लक्षात ठेवा. तो १०० हर्ट्झच्या वरच्या भागावरच चालतो. शिवाय नॉब उणेकडे फिरवला तरी अटॅक वाढतोच, फक्त सस्टेन कमी होतो. अटॅक मऊ करायचा असेल तर तो नॉब कामाचा नाही.

सोबत आलेलं काहीच नसेल, तर किलोहार्ट्सचा ट्रान्झिएंट शेपर फुकट मिळतो. त्यात अटॅक आणि सस्टेनखेरीज पंप नावाचा आणखी एक नॉब, वेग ठरवणारा स्पीड आणि क्लिपची सोय आहे. होम स्टुडिओत एवढ्यावर पुष्कळ काम निघतं. पैसे टाकण्याआधी यातलं एक हत्यार नीट हाताखालून घाला. ते कुठे कमी पडतं हे कळलं की विकत काय घ्यायचं तेही कळेल.

पायरी ४: चाचणीसाठी तुकडा निवडा

आठ बारचा तुकडा पुरे, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: एक जोरदार बॅकबीट, काही हलक्या नोट्स आणि एक वेगवान फिल किंवा रोल. रोल अजिबात वगळू नका. १८० बीपीएमच्या सोळाव्या नोट्समध्ये दोन ठोक्यांत जेमतेम ८३ मिलिसेकंदांचं अंतर असतं. शेपरचा संथ मापक तेवढ्या वेळात खाली आला नाही, तर प्लगइन रोलचा पहिला ठोका उचलतो आणि पुढचे सपाट सोडून देतो. साध्या बीटवर झकास वाटणारे प्लगइन इथे उघडे पडतात. वेग किंवा ड्युरेशनचा नॉब असेल तर हा दोष दुरुस्त करता येतो. नसेल तर रोलपुरतं ऑटोमेशन करावं (नॉब तेवढ्यापुरता आपोआप हलेल असं ठेवावं) लागतं.

किकसाठी वेगळं कान लावून ऐका. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. मापक त्याहून फार चपळ असेल, तर तो ठोका सोडून लहरीच्या प्रत्येक चढ-उतारामागे धावू लागतो आणि किकच्या शेपटीत खरखर येते. किक सोलो करा, सस्टेन चांगलाच कमी करा आणि हेडफोनवर शेवटचा भाग ऐका. खरखर असेल तर तिथेच कळेल.

पायरी ५: आवाज समान करूनच तुलना करा

सर्वांत जास्त लोक इथे फसतात. अटॅक वाढवला की आवाज थोडा मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. म्हणून आउटपुट गेन खाली आणून बायपासचा (प्लगइन बंद असतानाचा) आणि चालू असतानाचा आवाज सारखा वाटेल असं करा. पीक मीटरवरून जुळवू नका. अटॅक वाढल्यावर पीक बरीच वर जाते, पण कानाला जाणवणारा आवाज तितका वाढत नाही. पीक जुळवली तर नवा आवाज बारीक वाटेल आणि तुम्ही चांगला प्लगइन नाकाराल. लाउडनेस मीटर असेल तर एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) बघा, नसेल तर स्नेअरचा घुमारा कानाने जुळवा.

जुळवल्यावर डोळे मिटा आणि बायपासचं बटण पटापट अनेकदा दाबा. आता प्लगइन चालू आहे की बंद, याचा हिशेब चुकला की थांबून ऐका आणि पुन्हा एकेकदा बदलून बघा. फरक ओळखता येत नसेल, तर त्या ट्रॅकला हा प्लगइन नको आहे. ओळखता आला, तर पूर्ण मिक्स चालू करून तेच पुन्हा करा. सोलोमध्ये सुरेख वाटणारा सस्टेन बेस आणि गिटार आल्यावर चिखल होतो. उलट, सोलोमध्ये कर्कश वाटलेला अटॅक भरलेल्या मिक्समध्ये अगदी बरोबर बसतो. अटॅकचा अंतिम आकडा मी तरी सोलोमध्ये कधीच ठरवू नये असं सांगेन.

हेडरूमकडेही, म्हणजे पातळीत वर उरलेल्या मोकळ्या जागेकडेही, लक्ष द्या. अटॅक ६ डीबी वाढवला तर पीकही जवळपास तेवढीच चढते, आणि ड्रम बसवरचा (सगळे ड्रम्स एकत्र येतात त्या चॅनेलवरचा) लिमिटर तीच पीक पुन्हा दाबतो. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. वेव्ह्जच्या स्मॅक अटॅकमध्ये यासाठी गार्ड नावाची सोय आहे, त्यात लिमिट किंवा क्लिप निवडता येतं. एरवी शेपरनंतर एक सॉफ्ट क्लिपर लावा. वरचा १-२ डीबी छाटला तर ड्रम्समध्ये सहसा ऐकूही येत नाही.

पायरी ६: जास्तीच्या सोयींचे पैसे कधी मोजावेत

ठोक्याचा आकार बदलायचा असेल तर स्मॅक अटॅकसारखा प्लगइन उपयोगी पडतो. त्यात नीडल, नेल आणि ब्लंट असे अटॅकचे आकार आहेत, शिवाय लांबी वेगळी ठरवता येते. स्नेअरला सुईसारखं टोक हवं की बोथट दणका, हे त्यावर ठरतं.

आयझोटोपच्या न्यूट्रॉनमधला शेपर आवाज तीन पट्ट्यांत विभागतो. पूर्ण ड्रम बसवर किंवा तयार लूपवर काम करताना याचा खरा फायदा आहे: खालच्या पट्ट्यात किकचा सस्टेन आवळा, मधल्यात स्नेअरचा अटॅक उचला, वरच्यात सिंबलला हात लावू नका. मल्टिट्रॅक किटमधल्या एकाच माइकवर मात्र मल्टिबँड जपून वापरा. क्रॉसओव्हर फिल्टरमुळे फेज (लहरींची वेळ) सरकते आणि तो माइक ओव्हरहेडशी पूर्वीसारखा जुळत नाही. लावल्यावर स्नेअर बारीक झाली तर कारण बहुधा हेच असतं.

स्पिफ आणि इव्हेंटाइडचा फिजिऑन हे आणखी वेगळ्या जातीचे. स्पिफ ट्रान्झिएंटमधल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच कमी-जास्त करतो. फिजिऑन ट्रान्झिएंट आणि टोनल असे दोन प्रवाह वेगळे करून प्रत्येकावर वेगळे इफेक्ट लावू देतो. दुरुस्तीच्या आणि प्रयोगाच्या कामात दोन्ही उत्तम, पण रोजच्या किक-स्नेअरला साधा शेपरच बरा. लुकअहेड वापरणाऱ्या, म्हणजे पुढचा आवाज आधी बघून ठेवणाऱ्या, प्लगइनमुळे लेटन्सी (उशीर) वाढते, हेही ध्यानात घ्या. ४८ किलोहर्ट्झवर ४८० सॅम्पल म्हणजे १० मिलिसेकंद. मिक्समध्ये सॉफ्टवेअर ती भरून काढतं, पण त्याच सेशनमध्ये कोणी वाजवत असेल तर त्याला उशीर जाणवतो.

ढोलकी आणि ढोल-ताशा

आपल्याकडे मिक्सिंग करणाऱ्याला फक्त ड्रम किट मिळत नाही, म्हणून थोडं यावरही. ढोलकीला दोन माइक असतील तर शाईकडची आणि घुमणारी बाजू वेगवेगळी हाताळा. शाईच्या बाजूला नैसर्गिक अटॅक भरपूर असतो, तो वाढवला तर बोटांचा खटखटाट पुढे येतो आणि सूर मागे जातो. तिथे सस्टेन किंचित वाढवून बघा. घुमणाऱ्या बाजूला हाताने दाबून काढलेली मींड असते. सस्टेन कापला की तीच आधी जाते, तेव्हा हात आखडता ठेवा.

ढोल-ताशा पथकाच्या रेकॉर्डिंगमध्ये उलट असतं. अनेक ढोलांचा घुमारा एकमेकांत मिसळून सलग गडगडाट होतो आणि त्यावर ताशाच्या काड्या कानात घुसतात. ढोलाच्या ट्रॅकवर सस्टेन ३-४ डीबी कमी करा, ताशाच्या ट्रॅकवर अटॅक तेवढाच कमी करा. ताशाची तर्री म्हणजे वेगवान रोलच, तेव्हा चौथ्या पायरीतली चाचणी इथे सक्तीची समजा.

पायरी ७: जागा ठरवा आणि मग विकत घ्या

शेपर कॉम्प्रेसरच्या आधी लावला तर वाढलेला अटॅक कॉम्प्रेसरला जास्त जोराने चालवतो. नंतर लावला तर दबलेला ठोका परत मिळतो. स्नेअरवर मी नंतरची जागा आधी आजमावतो. टॉमचा घुमारा आणि ब्लीड आवरायला मात्र कॉम्प्रेसरच्या आधी सस्टेन कमी करणं चांगलं, कारण कॉम्प्रेसर ते ब्लीड आणखी वर आणतो. गेट (हलका आवाज बंद करणारं साधन) लावल्यासारखा आवाज मध्येच तुटतही नाही.

बहुतेक कंपन्या ठरावीक दिवसांचा डेमो देतात. तो सुरू करण्याआधी चाचणीचा तुकडा तयार ठेवा, म्हणजे डेमोचे दिवस फुकट जाणार नाहीत. लायसन्ससाठी आयलॉक (लायसन्स सांभाळणारी व्यवस्था) लागतं का, ते किती कॉम्प्युटरवर चालतं, हेही तपासा. घाई नसेल तर नोव्हेंबरअखेरच्या सेलपर्यंत थांबा, प्लगइनच्या किमती तेव्हा बऱ्याच उतरतात. मिक्स पूर्ण झालं की शेपर लावलेले ट्रॅक बाउन्स करून (नव्या ऑडिओ फाइलमध्ये उतरवून) मूळ ट्रॅकच्या शेजारी ठेवा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो प्लगइन नसला तरी सेशन जसंच्या तसं उघडेल.