१६ डिसेंबरचं दालन: घरातल्या युद्धस्मृती संग्रहालयात मांडताना

नागपुरात युद्धस्मृतीचं प्रदर्शन भरवायचं तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारी हाच काळ धरा. तारखाही याच दिवसांत येतात. सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन. १६ डिसेंबर हा १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस, आणि १८१७ साली याच तारखेला इंग्रजी फौजेने नागपुरापुढे भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला होता. या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर शेजारी शेजारी मांडा. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही.

हवेचं कारण तारखांहून मोठं आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कागद वाळून ठिसूळ होतो, आणि दालनात कूलर लावला की तीच पत्रं ओलसर वाऱ्यात कडांनी वर वळतात. पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. म्हणून २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाला मूळ वस्तू बाहेर काढू नका, छायाप्रती आणि व्याख्यान पुरे.

वस्तू गोळा करायला दसऱ्यानंतर लागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि कामठीतल्या माजी सैनिकांच्या संघटना यांच्याकडून घरांपर्यंत पोचता येतं. उसनी घेतलेली प्रत्येक वस्तू देणाऱ्याच्या समोर चारही बाजूंनी फोटो काढून नोंदवा: क्रमांक, माप, आधीच असलेले डाग आणि फाटलेल्या जागा, परतीची तारीख. दोन प्रती, दोघांच्या सह्या. क्रमांक वस्तूवर चिकटवायचा नाही, सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहायचा. कागद असेल तर मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने.

पितळी काडतुसाची रिकामी नळी घरोघरी फुलदाणी म्हणून सापडते. ती रिकामीच आहे, हे घरच्यांच्या सांगण्यावर मानू नका. टोकाला गोळी बसलेली असेल किंवा बुडाच्या टोपीवर ठोक्याची खूण नसेल तर हात न लावता ११२ वर कळवा.

पदकं हा सगळ्यांत नाजूक भाग, आणि नुकसान प्रेमापोटीच होतं. प्रदर्शनाला द्यायचं म्हणून घरचे चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून ते चकचकीत करतात. भारतीय सैनिकांच्या बहुतेक गोल पदकांच्या कडेवर सैन्य क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. घासून घासून तेच आधी पुसट होतं, आणि पदक कोणाचं हे सांगणारा पुरावा जातो. म्हणून वस्तू मागतानाच सांगा: जशी आहे तशी द्या. विटलेली फीतही बदलू नका. कडा भिंगातून वाचा, तिरपा टॉर्च धरला की अक्षरं उठून दिसतात, आणि तेच नाव डिस्चार्ज बुकाशी (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदवहीशी) ताडून घ्या.

फलकांवरच्या चुका बहुतेक इथेच होतात. ‘पूर्वी स्टार’ हे पदक पूर्व आघाडीचं, ‘पश्चिमी स्टार’ पश्चिमेचं, दोन्ही १९७१ ची. समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धाचा. बर्मा स्टार दुसऱ्या महायुद्धातला, त्याला पहिल्या महायुद्धाच्या पेटीत ठेवू नका. लान्स नाईक अल्बर्ट एक्का गार्ड्स रेजिमेंटच्या १४ व्या बटालियनचे, ३ डिसेंबर १९७१ ला गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आज कामठीत आहे म्हणून त्यांचा फलक इथे शोभतो, पण त्यांना ‘नागपूरचे’ करू नका. ते आजच्या झारखंडमधले. लढून परत आलेल्या आजोबांना कौतुकाने ‘हुतात्मा’ लिहिणंही चूकच. नावाचं लेखन घरचे करतात तसंच ठेवा, आणि छापण्याआधी फलक त्यांना वाचून दाखवा.

पत्रांना लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, टाचणी नको. टाचणीला गंज चढतो, टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन तर उलटवताच येत नाही. पारदर्शक पॉलिस्टरच्या कोपऱ्यांत पत्र अडकवा. ‘५६ एपीओ’ (सैन्याचं टपाल कार्यालय) किंवा सेन्सॉरचा शिक्का दिसेल असं पाकीट शेजारी ठेवा. प्रकाश ५० लक्सपर्यंत, फ्लॅश बंद, आणि आठ-दहा आठवड्यांनी मूळ पत्र काढून प्रत लावा. शाई उडाली की परत येत नाही.

गणवेशाला कसर लागलेली असते असं धरूनच चला. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर. लगेच उघडली तर कापडावर पाणी धरतं. चामड्याचा पट्टा आणि पदकं आधी काढून घ्या. डांबर गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिकची बटणं चिकट होतात. खांद्यांत बिनखळीचं धुतलेलं मांजरपाट भरा, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन अडचणी ठरलेल्या. हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांमुळे बंद होतात, शाळांच्या बस अडकतात. वाहतूक पोलिसांकडून आदल्या दिवशी मार्ग विचारून ठेवा. आणि सकाळी गारठा असतो, ऐंशीच्या घरातल्या फौजींना नऊला उघड्यावर बसवू नका, साडेदहा बरे. क्रम सोपा ठेवा: नावांचं वाचन, लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून, दोन मिनिटांचं मौन, मग राउज ही मौन संपवणारी धून. बिगुलवादक हवा असेल तर महिनाभर आधी पत्र द्या. नावं वाचणाऱ्याने ती आदल्या दिवशी घरच्यांकडून उच्चारून घ्यावीत. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या वीरपत्नींसाठी, मान्यवर दुसऱ्या रांगेत.

दालनात फेरी आधी लहान मुलांना करू द्या. पेट्यांची उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास असावी, नाहीतर चौथीच्या मुलाला फक्त काचेवरचा दिवा दिसतो.

परत करताना पहिलेच फोटो हातात धरून वस्तू ताडा, दोन्ही प्रतींवर पुन्हा सह्या घ्या. वस्तू कुरिअरने पाठवू नका, घरी नेऊन द्या. सोबत पत्राची आणि पदकाच्या कडेची मोठी छापील प्रत द्या. पुढच्या वेळी घरच्यांनी तीच दाखवावी, मूळ पत्र ट्रंकेतच राहू द्यावं.