नकोसे विचार आणि अखंड काळजी यांना कसे तोंड द्यावे

आपल्या हातून कोणाला इजा होईल असा विचार नको असतानाही वारंवार मनात येत असेल, तर तो हटवण्याचा प्रयत्न आधी थांबवावा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा आले. म्हणून ‘हा नकोसा विचार आहे’ एवढी नोंद करून हातातले काम चालू ठेवावे. असा विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे. अनेक जण याच अपराधीपणाने आतल्या आत खचतात, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते.

काळजीपोटी कुलूप पुन्हा तपासले किंवा घरच्यांकडून ‘काही होणार नाही’ असे वदवून घेतले, की क्षणभर बरे वाटते, पण त्या सुटकेमुळेच तपासण्याची सवय घट्ट होत जाते. त्यामुळे तपासणी आधी थोडी पुढे ढकलावी, मग हळूहळू सोडावी आणि बेचैनी आपोआप ओसरू द्यावी. ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (भीतीला सामोरे जाणे आणि तपासण्यासारखी कृती टाळणे) ही उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे.

रोज तासाभराहून अधिक वेळ यात जात असेल किंवा काम, झोप, नाती बिघडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत मागावी.