हॉटेलचं नाव कळायच्या आधी पैसे भरताना: अमेरिकेच्या ट्रिपसाठी नाव झाकलेलं स्वस्त हॉटेल कसं घ्यायचं

मुंबईच्या सिटीलाइट मासळी मार्केटात संध्याकाळी उशिरा गेलात की कोळीण स्वतःहून हाक मारते, उरलेला वाटा घेऊन जा गो बाय, काय द्यायचं ते बोल. कारण ती मासळी उद्या त्या भावाने जाणार नसते. हॉटेलच्या रिकाम्या रूमचं तर त्याहून कठीण, रात्र सरली की तिचे पैसे गेले, ती बर्फात घालून ठेवता येत नाही. अमेरिकेत १९९८ साली प्राइसलाइन नावाची बुकिंगची साइट आली ती याच हिशोबावर, आधी विमानाची तिकिटं आणि मग हॉटेलं, गिऱ्हाइकाने भाव सांगायचा आणि कोणाला परवडला तर त्याने रूम द्यायची. हॉटेलवाल्याला उघडपणे भाव उतरवायचा नसतो, नाहीतर पूर्ण पैसे देणारे पण तोच भाव मागायला लागतील, म्हणून तो नाव झाकून विकतो. पण मार्केटात आपण कल्ले उचलून आत लाल आहे का ते बघतो आणि मग पाकीट काढतो, इथे पाकीट आधी रिकामं होतं आणि मासा नंतर दिसतो, हा फरक डोक्यात पक्का ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

हे मी मुख्यतः आपल्या दादर-पार्ले-बोरिवलीकडच्या लोकांसाठी लिहितेय जे मे महिन्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जातात आणि मग मधले चार-पाच दिवस न्यूयॉर्क-वॉशिंग्टन-शिकागो असं फिरतात. हॉटेलचा खर्च तिथे अंगावर येतो आणि मग कोणीतरी सांगतं की अर्ध्या भावात मिळतं, आणि मिळतं पण, मला मिळालंय. तसाच फटका पण बसलाय, त्यामुळे दोन्ही सांगते.

आधी आत्ता काय चालू आहे ते. आपण भाव सांगायचा ती मूळ पद्धत प्राइसलाइनने २०१६ मध्ये विमानाच्या तिकिटांसाठी बंद केली आणि पुढे हॉटेलसाठी पण गुंडाळली. पण नाव झाकून विकणं जोरात चालू आहे. प्राइसलाइनवर त्याला एक्स्प्रेस डील म्हणतात, हॉटवायर या दुसऱ्या साइटवर हॉट रेट. तुम्हाला भाग कळतो, किती स्टार ते कळतं, पूल आहे का, वायफाय फुकट आहे का, लोकांनी किती मार्क दिलेत हे कळतं आणि भाव कळतो. नाव आणि पत्ता पैसे कापल्यावर. एकदा घेतलं की कॅन्सल नाही, बदल नाही, रिफंड नाही. प्राइसलाइनवर प्राइसब्रेकर पण असतं, त्यात तीन हॉटेलं नावासकट दाखवतात आणि त्यातलं एक तुम्हाला मिळतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, तीनही चालणार असतील तरच घ्यायचं.

माझा चांगला अनुभव २०१३ च्या मे महिन्यातला आहे, तेव्हा प्राइसलाइनवर आपण भाव सांगायची बोली चालू होती. वॉशिंग्टन, शनिवार-रविवारच्या दोन रात्री, मी आणि नवरा दोघंच, सासूबाई आणि लेक दिराकडे न्यू जर्सीला राहिल्या होत्या. चार स्टारची हॉटेलं उघड भावात १९० डॉलरच्या आसपास दिसत होती. वॉशिंग्टनमध्ये आठवडाभर सरकारी आणि ऑफिसच्या कामाचे लोक येतात आणि शुक्रवारी निघून जातात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथली मोठी हॉटेलं रिकामी पडतात, हे दिराने सांगितलं होतं. मी ड्युपाँट सर्कलचा भाग निवडून ७५ डॉलर टाकले, नाही म्हणाले. नियम असा होता की तोच भाग आणि तेच स्टार ठेवून परत बोली लावायची तर २४ तास थांबा, नाहीतर काहीतरी बदला. मग मी असा एक भाग वाढवला जिथे चार स्टारचं एकही हॉटेल नाही हे आधी बघून ठेवलं होतं, म्हणजे बोली परत लावायला मिळाली आणि नको त्या भागात जायची भीती नाही. ९० टाकले, मान्य झाले. पांढऱ्या स्वच्छ चादरी, खिडकीतून झाडं, मेट्रोचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर. दोन रात्रींत करासकट धरून जवळपास दोनशे डॉलर वाचले आणि तेव्हा डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता.

आणि त्याच भरात न्यूयॉर्कचं चुकलं. दुसऱ्या एका साइटवरून मिडटाउनचं घेतलं, आता आम्ही चौघं होतो, तीन मोठी माणसं आणि आठ वर्षांची मुलगी. भाव इतका चांगला होता की बारीक अक्षरातलं मी नीट वाचलंच नाही. अशा बुकिंगमध्ये रूम दोन मोठ्या माणसांची धरलेली असते आणि खाट कुठली मिळेल ते हॉटेल ठरवतं. काउंटरवरच्या मुलीने किल्ली दिली, वर जाऊन दार उघडलं तर एकच खाट, आणि तीपण अशी की दोन्ही बाजूंनी भिंतीत जेमतेम बॅग मावेल. खाली येऊन जादा खाट मागितली तर म्हणाली या रूममध्ये जादा खाट टाकायची परवानगीच नाही, एवढी लहान रूम आहे. सासूबाई लॉबीतल्या खुर्चीत बसून होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत उरलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, काही बोलल्या नाहीत पण दिवसभर चालून पाय सुजले होते ते मला दिसत होते. शेवटी त्यांच्यासाठी आणि मुलीसाठी दुसरी रूम घेतली, त्या दिवसाच्या चालू भावात, २२९ डॉलर वर कर. त्यात हॉटेलची चूक नव्हती, चूक माझी होती, आणि म्हणून पहिला नियम: दोघांपेक्षा जास्त माणसं असतील आणि त्यात म्हातारं माणूस असेल तर नाव झाकलेलं घेऊच नका, जिथे दोन मोठ्या खाटा लिहून मिळतात तेच घ्या.

आता भावाचं. जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो तो खरा नसतो, कागदावर सगळं मांडून बघा. समजा न्यूयॉर्कला १२० डॉलरची रूम, दोन रात्री, झाले २४०. त्यावर तिथला कर १४.७५ टक्के म्हणजे ३५ डॉलर ४० सेंट, शिवाय रूममागे रात्रीला साडेतीन डॉलर असे ७. मग डेस्टिनेशन फी नावाचा प्रकार असतो, म्हणजे हॉटेलने स्वतः लावलेली सक्तीची फी, लास वेगासला त्यालाच रिसॉर्ट फी म्हणतात, तो रात्रीला ३५ धरला तर ७० झाले, आणि त्यावरचा कर मी सोडूनच देते. बेरीज ३५२ च्या वर गेली. आता आपलं भारतातलं क्रेडिट कार्ड, बहुतेक कार्डांवर परदेशी खरेदीला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १४-१५ डॉलर. एका रात्रीचे पडले साधारण १८३, आणि आपण १२० बघून खूश झालेलो असतो. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आलाय की अशी सक्तीची फी पहिल्याच आकड्यात धरून दाखवायची, त्यामुळे थोडं सोपं झालंय, पण सरकारी कर अजूनही नंतर जोडता येतो, म्हणून शेवटच्या पानावरची बेरीज बघितल्याशिवाय बटण दाबू नका. गाडी भाड्याने घेतली असेल तर पार्किंग वेगळं, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत रात्रीचे पन्नास-साठ डॉलर सहज जातात आणि तिथे सगळी बचत संपते.

नाव ओळखता येतं का, तर बऱ्याचदा येतं. झाकलेल्या डीलवर स्टार, भाग, सोयींची यादी आणि लोकांचे मार्क असतात ते वहीत उतरवा, मग त्याच साइटवर त्याच तारखांना उघड नावांची यादी काढा आणि तोच भाग, तेच स्टार निवडा. पूल आहे पण नाश्ता फुकट नाही, कुत्रा चालतो, विमानतळाची बस आहे, असं एकेक जुळवत गेलात की दहातली दोन उरतात. त्या दोन्हींचे फोटो बघा, गूगल मॅपवर रस्त्याचं दृश्य बघा, दोन्हीत राहायला हरकत नसेल तरच पुढे जा. एकही जुळत नसेल तर मी सोडून देते.

स्टारबद्दल आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो की जितके जास्त तितकं बरं. स्टार बऱ्याचदा साइटनेच दिलेले असतात. आणि शहराच्या मध्यातल्या चार स्टारमध्ये नाश्ता बहुतेक वेळा विकतचा असतो, चहाला गरम पाणी करायचं तर कॉफीच्या मशीनवर भागवावं लागतं. त्याउलट शहराबाहेरच्या अडीच-तीन स्टारमध्ये नाश्ता बहुतेक फुकट असतो, फ्रिज-मायक्रोवेव्ह असतो, कधी छोटं स्वयंपाकघर पण असतं. जी माणसं कुकर आणि मूगडाळ बरोबर नेतात त्यांच्यासाठी हेच जास्त सोयीचं, माझी आई तर वरणभात झाल्याशिवाय झोपत नाही. फक्त अडीचच्या खाली उतरताना लिफ्ट आहे का बघा, रस्त्याकडेच्या काही मोटेलांत नसते आणि बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या असतात.

तारखेची गोष्ट लक्षात ठेवा कारण इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, ०५/०६ म्हणजे आपल्याला पाच जून वाटतो, तिथे तो सहा मे. साध्या बुकिंगमध्ये चूक झाली तर बदलता येते, इथे नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने असेच दोन रात्रींचे पैसे घालवले. आणि मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारं विमान बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर सुटतं, तिकिटावर दहा तारीख असते म्हणजे घरून नऊच्या रात्री निघायचं, आणि पंधरा-सोळा तासांनी पोचता तेव्हा तिथे दहाचीच सकाळ असते. हॉटेलची रूम मात्र दुपारी तीन-चारला मिळते, बॅगा ठेवून घेतात पण झोपायला मिळेलच असं नाही.

व्हिसाच्या आधी हे बुकिंग करू नका, अगदी हात जोडून सांगते. बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला जाताना हॉटेलचं पक्कं बुकिंग लागतच नाही, आणि व्हिसा नाकारला गेला तर हे पैसे परत येत नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो पण तिथे तर कॅन्सल होणारं उघड नावाचं बुकिंगच दाखवावं. माझी पद्धत अशी आहे की आधी कॅन्सल होणारं साधं हॉटेल घेऊन ठेवायचं, मग निघायच्या दोन-चार दिवस आधी किंवा तिथे पोचल्यावर झाकलेल्या डील बघायच्या, चांगली मिळाली तर जुनं कॅन्सल. ते कॅन्सल करायची वेळ हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे असते, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, ते मोजून अलार्म लावा.

कार्डाचं पण आधी बघून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतो, बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो आणि तिथेच मर्यादा पण ठरवता येते. परदेशी साइट बऱ्याचदा ओटीपी मागत नाही. मी पहिल्यांदा ओटीपीची वाट बघत बसले होते, आला तो थेट पैसे गेल्याचा मेसेज. म्हणून नुसतं बघायचं असेल तेव्हा कार्डाचा नंबर भरून ठेवू नका. जो चेक-इन करणार त्याच्याच नावाने बुकिंग हवं, पासपोर्टवर आहे तसंच नाव, आणि त्याच्याकडे स्वतःचं क्रेडिट कार्ड हवं कारण हॉटेल अनामत म्हणून पन्नास-शंभर डॉलर अडकवून ठेवतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेवढे पैसे काही दिवस वापरता येत नाहीत आणि ट्रिपमध्ये ते नडतं. मुलाने अमेरिकेतून स्वतःच्या नावाने बुक करून आई-बाबांना पाठवलं आणि काउंटरवर अडले, असं ओळखीत झालंय. त्यामुळे बुक करतानाच पाहुण्याच्या नावाच्या जागी आई किंवा बाबांचं नाव घालायचं.

नाव कळलं की त्याच दिवशी हॉटेलला फोन करा, कन्फर्मेशन नंबर सांगा आणि दोन वेगळ्या खाटा किंवा लिफ्टजवळची रूम हवी असेल तर नम्रपणे विचारा. हक्क नसतो पण गर्दी नसेल तर देतात, मला दोनदा दिलंय.

उलट कोणी गावाहून मुंबईत येत असेल तर मी नाव झाकलेली डील घेऊच देत नाही. एअरपोर्टजवळ म्हणतात पण टर्मिनल दोन सहारला आणि टर्मिनल एक सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, साकीनाक्याचं हॉटेल पण त्यातच धरतात आणि संध्याकाळी तिथून निघायलाच पाऊण तास जातो. कोल्हापूरहून मामा परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला आले होते, स्वस्त म्हणून कोणीतरी नवी मुंबईतलं करून दिलं, सकाळी आठच्या नंबरासाठी बिचारे साडेपाचला निघायचे. आजारपणात दोनशे-पाचशे वाचवण्यापेक्षा चालत जाता येईल असं हॉटेल बघा, आधी फोन करून जेवणाचं आणि लिफ्टचं विचारा.

आणि अमेरिकेचं बुकिंग झालं की हॉटेलचं नाव, पत्ता, फोन एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून आई-बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. इमिग्रेशनवाला कुठे राहणार विचारतो तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असते आणि नेटवर्क लागलेलं नसतं.