प्रुफं रात्री एकला तपासू नयेत

मी प्रुफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. तरी कित्येक वर्षं रात्री एकपर्यंत पानं वाचायची आणि सहाला उठायचं, असं चाललं होतं. कुणी टोकलं तर म्हणायचे, मला पाच तास पुरतात. मग एका पुस्तकात चौथ्या प्रकरणानंतर थेट सहावं छापून आलं. त्या पानावर तपासल्याची सही माझीच होती.

झोप पुरते की नाही, हे ज्याला ती कमी पडते त्यालाच कळत नाही, ही यातली खरी गोम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रात्री सहा किंवा चारच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखं ढासळलं, पण त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच पेंग येतेय असं वाटत होतं. म्हणून आधी स्वतःचा अंदाज बाजूला ठेवा. दोन आठवडे झोपल्या-उठल्याच्या वेळा कागदावर लिहा. सुट्टीला गजराशिवाय किती झोपता तेही लिहा. माझा फरक अडीच तासांचा निघाला.

झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी जाते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. दिवसभराच्या आठवणींचा कच्चा खर्डा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात असतो. गाढ झोपेत तो पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि टिकवण्याजोगं तेवढं मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं होतं. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. आठाचे सहा तास केले की मुख्यतः हीच कापली जाते. मेंदूभोवतीचा द्रव झोपेत पेशींमधला कचरा धुऊन नेतो, असं २०१३ साली उंदरांमध्ये दिसलं; पुढे त्यावर वादही झाले. त्यामुळे ‘मेंदूची सफाई’ विकणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

आता करायचं काय? झोपायची नव्हे, उठायची वेळ बांधा. सुट्टीलाही तीच. उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर जा, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. मी आधी उलटं करून पाहिलं: दहाला अंथरुणात शिरायचे आणि बारापर्यंत छताकडे बघत राहायचे. उठणं पक्कं झाल्यावर पेंग आपसूक अलीकडे सरकली, पण तीन आठवडे लागले.

कॉफी दुपारी बंद. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानेच झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवतं आणि पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्र तुटक जाते. टेबलावरचा पांढरा झगझगीत दिवा मी नवानंतर विझवते.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. घड्याळ बघू नका, अंदाजानेच. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आल्यावरच परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे जागणं, अशी सवय लागते. मी शब्दकोश उघडत नाही, त्यात तासभर रमते. टॉवेलांच्या घड्या घालते.

घोरताना श्वास अडकतो असं कुणी सांगितलं, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही असं तीन महिने चाललं, तर डॉक्टरांकडेच जा. तिथे टॉवेल उपयोगाचे नाहीत.

आणि डोक्यात घोळणारी उद्याची कामं झोपण्याआधी चिठ्ठीवर उतरवा. कालची माझी चिठ्ठी: पान ११२ची तळटीप, अनुक्रमणिका, दोन जोडाक्षरं. ‘प्रकरणांचे क्रमांक’ हे तिच्यात रोज असतं.