आरसी-५ला कोणता फिक्स पाठवायचा, कोणता थांबवायचा

लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) नवी आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्क्या रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) बहुतेक वेळा अमेरिकेतल्या रविवारी दुपारी निघते, म्हणजे आपली सोमवारची पहाट. सोलापुरात सोमवारी उठलो की मी आधी तीच बघतो. यूएसबी-सिरियलच्या एका छोट्या ड्रायव्हरचे पॅचेस (कोडमधले बदल) गोळा करून वरच्या मेंटेनरकडे पाठवणं माझ्याकडे आहे. मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल आत घेण्याचा काळ, दोन आठवड्यांची, मग दर आठवड्याला एक याप्रमाणे साधारण सात आरसी, कधी आठवीही. या काळात आलेला फिक्स (बगची दुरुस्ती) याच रिलीजला द्यायचा की पुढच्या मर्ज विंडोपर्यंत ठेवायचा, हे ठरवताना मी असं करतो.

आधी बग कधीपासूनचा आहे ते काढा. गिट ब्लेम लावून ती ओळ कोणत्या बदलात आली ते बघा, तेवढ्यानं भागलं नाही तर बायसेक्ट करा, म्हणजे दर वेळी मधली आवृत्ती तपासत चुकीचा बदल गाठा. बग याच मर्ज विंडोत शिरला असेल तर आरसी-६ असली तरी फिक्स गेलाच पाहिजे. कालपर्यंत ज्याचं चालत होतं, त्याचं आज बंद पडता कामा नये. फिक्सची खात्री नसेल तर मूळ बदल सरळ रिव्हर्ट करा, म्हणजे मागे घ्या.

जुन्या बगला मात्र विचारायचं : नेमका त्रास कोणाला होतोय? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मागाच्या काउंटरमध्येच यूएसबी चिप होती. वीज क्षणभर गेली की काउंटर बंद, पीसी मात्र यूपीएसवर चालू. ड्रायव्हरनं डिस्कनेक्टमध्ये आपली मेमरी मोकळी केली, पण आधी लावून ठेवलेलं काम रद्दच केलं नव्हतं. दोन सेकंदांनी ते काम जागं व्हायचं, मोकळ्या मेमरीला हात लावायचं आणि पीसी गोठायचा. अख्ख्या पाळीचा हिशेब गेला म्हणून मालक हवालदिल झाले होते. फिक्स एका ओळीचा : मेमरी सोडण्याआधी ते काम रद्द करून संपेपर्यंत थांबायचं. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलं साधन) चालू ठेवून मी पिन २०० वेळा काढली-लावली. बग कित्येक रिलीज जुना होता, तरी आरसी-५ला पाठवला. फिक्सेस टॅगमध्ये (फिक्स कोणत्या बदलाची चूक सुधारतो ते सांगणाऱ्या ओळीत) बग आणणाऱ्या कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि खाली स्टेबलची (आधीच निघालेल्या रिलीजमध्ये दुरुस्त्या नेणाऱ्या शाखांची) सीसी, हे विसरू नका.

त्याच आठवड्यात ‘बग फिक्स’ नावानं १४० ओळींचा पॅच आला. अख्खं एरर हँडलिंग नव्यानं लिहिलेलं, व्हेरिएबलची नावंही बदललेली. खरी चूक एका ठिकाणच्या रिटर्न व्हॅल्यूत होती. मी पाठवणाऱ्याकडून त्याचे दोन तुकडे करून घेतले. दोन ओळी आरसीला गेल्या, बाकीचं पुढच्या मर्ज विंडोसाठीच्या नेक्स्ट शाखेत. सगळ्यात जास्त नजर इथंच ठेवा, कारण चांगल्या हेतूनं केलेली साफसफाईच शेवटच्या आठवड्यात नवा बग आणते. स्टेबलचा नियमही संदर्भाच्या ओळी धरून १०० ओळींचाच आहे, आणि ‘असं कधीतरी होऊ शकेल’ एवढ्यावर तिथं पॅच घेत नाहीत.

नवा डिव्हाइस आयडी (ड्रायव्हरनं ओळखायच्या नव्या उपकरणाचा क्रमांक) उशिरानंही चालतो, जुन्या कोडला त्याचा धक्का नसतो.

आरसी-६नंतर मी फक्त क्रॅश, डेटा जाणं, सुरक्षा आणि ताजं रिग्रेशन (आधी चालणारं बंद पडणं) एवढ्यांचेच फिक्स पुढे सोडतो, तेही लिनक्स-नेक्स्टमध्ये (सगळ्यांच्या शाखा एकत्र तपासतात त्या चाचणी-शाखेत) दोन-तीन दिवस राहिल्यावर. त्यासाठी बुधवारपर्यंत शाखा तयार हवी. जो पॅच थांबवाल, त्याच्या लेखकाला का थांबवला आणि कोणत्या रिलीजला जाईल, ते त्याच दिवशी दोन ओळींत कळवा. त्यानं तो बग रात्र-रात्र जागून शोधलेला असतो.